रक्तापासून डेंड्रायटिक पेशी वाढवताना: सात दिवसांची कृती आणि तिच्यामागची कारणे

रक्तातील मोनोसाइटपासून (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून) डेंड्रायटिक पेशी, म्हणजे जंतूंची ओळख टी पेशींना करून देणाऱ्या पेशी, वाढवण्याची कृती तशी अवघड नाही. ५० मिलिलिटर रक्त, दोन सायटोकाइन (पेशींना संदेश देणारी प्रथिने), एक इन्क्युबेटर आणि ७ दिवस एवढ्यात ती पार पडते. फेडेरिका सालुस्तो आणि अंतोनियो लान्झावेक्किया यांनी १९९४ मध्ये ती प्रसिद्ध केल्यापासून जगभरातील प्रयोगशाळांत थोड्याफार फरकाने तीच वापरली जाते. खरी कसोटी पुढे लागते. सातव्या दिवशी प्लेटमध्ये तरंगणारी पेशी नेमक्या कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखता आले पाहिजे, कारण हीच पेशी एका अवस्थेत टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) लढायला शिकवते आणि दुसऱ्या अवस्थेत सहन करायला शिकवते.

हे टिपण एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हे काम प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या कोणत्याही किटच्या पुस्तिकेत छापलेल्या असतात; प्रत्येक पायरी शरीरातील कोणत्या घटनेची नक्कल आहे, हे मात्र तिथे सहसा नसते, आणि ते ठाऊक नसेल तर फसलेला प्रयोग कुठे फसला हेही उमगत नाही.

आधी पेशीची ओळख

१८६८ मध्ये बर्लिनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या पॉल लांगरहान्स याने त्वचेच्या पातळ कापाला गोल्ड क्लोराइडने रंग दिला, तेव्हा त्याला फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात असे त्याला वाटले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९७३ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झानव्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत अशाच फांद्यांच्या पेशी पाहिल्या आणि झाडासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्यांना डेंड्रायटिक हे नाव दिले. रोगप्रतिकारक्षमतेचे श्रेय तेव्हा मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशींकडे जात असे. नव्याने दिसलेली, संख्येने अगदी थोडी असलेली ही पेशी टी पेशींना चेतवण्यात मॅक्रोफेजपेक्षा कितीतरी पटींनी सरस आहे, हे पटवून देण्यात स्टाइनमन यांची पुढची अनेक वर्षे गेली.

या पेशीचे काम समजून घेताना दोन अवस्था नीट वेगळ्या ठेवाव्यात. त्वचा, फुप्फुसे, आतडे अशा ठिकाणी बसलेली अपक्व पेशी आजूबाजूचा द्रव, मेलेल्या पेशींचे तुकडे आणि जंतू सतत आत घेत असते. सगळे ठीक असेल तर ती असाच माल घेऊन शांतपणे लसिकाग्रंथीत जाते. जंतूची किंवा इजेची खूण लागली, तर मात्र तिचा स्वभाव बदलतो. ती गिळणे जवळजवळ थांबवते, गिळलेल्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी या तुकडे दाखवणाऱ्या रेणूंवर बसवून पृष्ठभागावर मांडते, सीसीआर ७ हा रिसेप्टर धारण करून सीसीएल १९ आणि सीसीएल २१ या रसायनांच्या मागाने लसिकाग्रंथी गाठते आणि तिथे टी पेशींना तीन गोष्टी एकाच भेटीत देते. एमएचसीवरील प्रतिजन (टी पेशी ओळखते तो तुकडा) हा पहिला संकेत, सीडी ८० आणि सीडी ८६ ही पृष्ठभागावरील प्रथिने हा दुसरा, आणि इंटरल्युकिन १२ सारखे सायटोकाइन हा तिसरा. एखाद्या विशिष्ट प्रतिजनाला ओळखणारी टी पेशी लाखात एखादीच असते. तिची गाठ पडण्यासाठी ग्रंथीसारखे एकत्र येण्याचे ठिकाण आणि लांब फांद्या हलवत अनेक टी पेशींना स्पर्श करणारी पेशी, दोन्ही लागतात.

पहिला संकेत मिळाला आणि दुसरा व तिसरा मिळालाच नाही, तर काय होते? टी पेशी निष्क्रिय होते किंवा दमन करणाऱ्या प्रकाराकडे वळते. शरीर स्वतःच्या प्रथिनांविरुद्ध लढत नाही, त्याचे एक कारण हे आहे. माणसामध्ये याचा पुरावा २००१ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातूनच आला. माधव धोडपकर, स्टाइनमन आणि सहकाऱ्यांनी दोन निरोगी स्वयंसेवकांना त्यांच्याच रक्तातून वाढवलेल्या अपक्व डेंड्रायटिक पेशी इन्फ्लुएंझाच्या एका पेप्टाइडसह (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यासह) टोचल्या. प्रतिकार वाढण्याऐवजी त्या पेप्टाइडविरुद्ध आधीपासून असलेल्या सीडी ८ (मारक) टी पेशींची कार्यक्षमता घटली आणि इंटरल्युकिन १० बनवणाऱ्या पेशी दिसू लागल्या. लस म्हणून दिलेल्या पेशीने लसीच्या नेमके उलट काम केले होते. खालची कृती करताना हा प्रयोग सतत मनात असावा, असे मला मनापासून वाटते.

तयारी

मानवी रक्त वापरायचे असल्याने संस्थेच्या नीतिविषयक समितीची मंजुरी आणि रक्तदात्याची लेखी संमती यांशिवाय सुरुवात करू नये. काम जैवसुरक्षा पातळी २ च्या नियमांनी करावे, स्वतःचे हिपॅटायटिस बीचे लसीकरण पूर्ण असावे, आणि रक्तपेढीकडून बफी कोट (रक्तातील पांढऱ्या पेशींचा थर) मिळत असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी यांची तपासणी झालेली असल्याची नोंद पाहूनच तो स्वीकारावा. तपासणी झालेले रक्तही संसर्गकारक आहे असे धरूनच हाताळावे.

तयारीचा दुसरा भाग अनेक जण हलक्यात घेतात, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. एंडोटॉक्सिन, म्हणजे ग्राम-ऋण जीवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड, हा डेंड्रायटिक पेशीसाठी अत्यंत जोरदार धोक्याचा इशारा आहे. मोनोसाइटपासून बनलेल्या पेशी तो टीएलआर ४ या रिसेप्टरने ओळखतात. हा रिसेप्टरच लिपोपॉलिसॅकराइड ओळखतो हे ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने १९९८ मध्ये उंदरांत शोधले, आणि २०११ चे नोबेल पारितोषिक बॉयट्लर, ज्यूल्स हॉफमन आणि स्टाइनमन यांना मिळून देण्यात आले, त्यामागे हाच दुवा होता: धोका ओळखणारा रिसेप्टर आणि ती ओळख टी पेशींपर्यंत नेणारी पेशी.

प्रयोगशाळेत याचा अर्थ असा, की मीडियम, पाणी, सीरम किंवा विकत घेतलेले प्रतिजन यांपैकी कशातही अल्प एंडोटॉक्सिन असेल, तर पेशी ठरलेल्या दिवसाच्या आधीच परिपक्व होऊ लागतात. ऑटोक्लेव्ह जीवाणू मारतो, एंडोटॉक्सिन नाही. काचेच्या वस्तूंवरून ते घालवायला २५० अंश सेल्सियसची कोरडी उष्णता निदान ३० मिनिटे लागते. माझ्या पहिल्या वर्षातील पाच-सहा प्रयोग असे वाया गेले, की कोणताही उद्दीपक न घातलेल्या नमुन्यातही सीडी ८३ हे परिपक्वतेची खूण असलेले प्रथिन वर चढलेले दिसे आणि दोष मी प्रतिपिंडांना देत राहिलो. शेवटी बफर बनवायच्या पाण्याची एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन शोधणारी) केली, तेव्हा उत्तर मिळाले. त्यामुळे शक्य तिथे निर्जंतुक एकदाच वापरायचे प्लास्टिक, एंडोटॉक्सिनचे प्रमाण लेबलवर छापलेले सीरम आणि पेशीसंवर्धनासाठीचे तयार पाणी वापरावे. जीवाणूंमध्ये तयार केलेले पुनःसंयोजित प्रथिन प्रतिजन म्हणून वापरायचे असेल, तर त्याची एलएएल चाचणी झाल्याशिवाय ते पेशींवर घालूच नये.

सायटोकाइन महाग असतात. बाटली आल्याच्या दिवशीच त्यांचे छोटे वाटे करून उणे ८० अंशांत ठेवावेत आणि एकदा वितळलेला वाटा पुन्हा गोठवू नये.

शून्य दिवस: रक्तातून मोनोसाइट

या टिपणात रक्त घेतल्याच्या दिवसाला शून्य दिवस म्हटले आहे. हेपारिन घातलेल्या नळ्यांत घेतलेले ५० मिलिलिटर रक्त काही तासांच्या आत वापरावे. रात्रभर ठेवलेल्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट खराब होतात आणि पुढे वेगळ्या होत नाहीत. रक्तात तेवढेच पीबीएस (क्षारांचे बफर द्रावण) मिसळून ते पातळ करावे. ५० मिलिलिटरच्या नळीत १५ मिलिलिटर फायकॉल (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्रव) घ्यावे, ज्याची घनता मिलिलिटरला १.०७७ ग्रॅम असते, आणि नळी तिरपी धरून पातळ केलेले रक्त तिच्या कडेने अगदी सावकाश सोडावे, म्हणजे दोन थर मिसळत नाहीत. रक्त आणि फायकॉल दोन्ही खोलीच्या तापमानाला आलेले असावेत. नळ्या ४०० जी वेगाने, २० अंशांवर, ३० मिनिटे फिरवाव्यात आणि सेंट्रीफ्यूजचा ब्रेक बंद ठेवावा. येथे जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतील बल, मिनिटाचे फेरे नव्हेत. रोटरची त्रिज्या बदलली की त्याच फेऱ्यांना बल वेगळे येते, हे नव्या विद्यार्थ्यांच्या हातून वारंवार निसटते.

फिरवून झाल्यावर वर पिवळसर प्लाझ्मा, त्याखाली दुधट पांढरे कडे, मग स्वच्छ फायकॉल आणि तळाशी तांबड्या पेशी दिसतात. ते पांढरे कडे म्हणजे एकाच गोल केंद्रकाच्या पेशी: लिम्फोसाइट आणि मोनोसाइट. पाश्चर पिपेटने फक्त तेवढेच उचलावे. फायकॉल बरोबर आले तर पेशी धुताना खाली बसत नाहीत, म्हणून पहिल्या धुण्यात भरपूर पीबीएस घालून ३०० जी वर १० मिनिटे फिरवावे. दुसरे धुणे २०० जी वर करावे, ज्यामुळे हलक्या प्लेटलेट वरच राहतात आणि टाकून देता येतात. ट्रिपॅन ब्लू घालून न्यूबावर चेंबरमध्ये जिवंत पेशी मोजाव्यात. साधारण हिशेब असा धरावा, की १ मिलिलिटर रक्तातून १० लाख पेशी मिळतात आणि त्यांत १० ते २० टक्के मोनोसाइट असतात. म्हणजे ५० मिलिलिटरमधून ५ कोटी पेशी आणि त्यांतून ५० लाख ते १ कोटी मोनोसाइट. मिळालेली संख्या याच्या निम्म्याहून कमी असेल, तर पुढे जाण्याआधी थांबून कुठे गळती झाली ते शोधावे.

मोनोसाइट वेगळे करण्याचे दोन मार्ग आहेत. प्लास्टिकला चिकटण्याच्या त्यांच्या गुणावर आधारलेला मार्ग स्वस्त आहे: पेशी सहा विहिरींच्या प्लेटमध्ये ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये २ तास ठेवाव्यात आणि न चिकटलेल्या पेशी कोमट मीडियमने तीनदा हळुवार धुऊन काढाव्यात. प्रत्येक धुण्यानंतर उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. धुणे कमी पडले तर लिम्फोसाइट मागे राहतात, जास्त झाले तर मोनोसाइटच निघून जातात, आणि हा तोल वाचून येत नाही, पाहूनच येतो. दुसरा मार्ग सीडी १४ या मोनोसाइटवरील प्रथिनाला धरणारे प्रतिपिंड जोडलेल्या चुंबकीय मण्यांचा आहे. तो महाग आहे, पण शुद्धता ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. माझे मत असे, की हात बसेपर्यंत पहिला मार्ग वापरावा आणि जो प्रयोग प्रबंधात किंवा शोधनिबंधात जाणार आहे तो दुसऱ्या मार्गाने करावा. टी पेशींच्या चाचण्यांत मागे राहिलेले थोडे लिम्फोसाइटही निकाल बिघडवतात.

शून्य ते सहा दिवस: पेशी घडताना

मीडियम म्हणून आरपीएमआय १६४०, त्यात ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले १० टक्के गर्भवासराचे सीरम आणि २ मिलिमोलर ग्लुटामिन घ्यावे. पेशींची घनता मिलिलिटरला ५ ते १० लाख ठेवावी. त्यात मिलिलिटरला ५० ते १०० नॅनोग्रॅम जीएम-सीएसएफ आणि २० ते ५० नॅनोग्रॅम इंटरल्युकिन ४ घालावे. जीएम-सीएसएफ पेशींना जगवते. इंटरल्युकिन ४ त्यांना मॅक्रोफेजच्या वाटेवरून बाजूला काढते आणि सीडी १४ मालवते. हे दुसरे सायटोकाइन विसरले किंवा त्याची ताकद गेलेली असेल, तर सहाव्या दिवशी प्लेटला घट्ट चिकटलेल्या, सीडी १४ बाळगणाऱ्या मॅक्रोफेज मिळतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली नवख्या डोळ्याला त्या चांगल्या वाढल्यासारख्या दिसतात.

तिसऱ्या दिवशी अर्धे मीडियम बदलून नवे, ताज्या सायटोकाइनसह घालावे. काढलेले मीडियम फेकून देऊ नये. मोनोसाइट चिकटून असतात, पण डेंड्रायटिक पेशी घडत जाते तशी ती सुटी होऊन तरंगू लागते. त्या काढलेल्या मीडियममध्येच आपल्याला हव्या असलेल्या पेशी असतात. ते फिरवून पेशी परत प्लेटमध्ये टाकाव्यात. पाचव्या-सहाव्या दिवशी सैल चिकटलेले पुंजके आणि कडेला बारीक उंचवटे असलेल्या मोठ्या पेशी दिसल्या पाहिजेत. लांब फांद्या आताच दिसत असतील तर आनंद मानू नये, एंडोटॉक्सिनची शंका घ्यावी.

सहावा दिवस: प्रतिजन आणि परिपक्वता

या दिवशी क्रमाला महत्त्व आहे. अपक्व पेशी गिळते, परिपक्व पेशी गिळत नाही. म्हणून अख्खे प्रथिन किंवा कर्करोगाच्या गाठीचा अर्क द्यायचा असेल तर तो परिपक्व करणाऱ्या उद्दीपकाच्या आधी, काही तास तरी, द्यावा. गाठीचा अर्क द्रव नायट्रोजन आणि ३७ अंशांचे पाणी यांत आळीपाळीने पाच-सहा वेळा गोठवून-वितळवून तयार करतात. आठ-दहा अमिनो आम्लांचे तयार पेप्टाइड मात्र गिळावे लागत नाही, ते पृष्ठभागावरील रिकाम्या एमएचसी रेणूत बाहेरूनच बसते. ते परिपक्व पेशींवर २ ते ४ तास ठेवले तरी चालते. पण पेप्टाइड दात्याच्या एचएलए (माणसातील एमएचसी) प्रकाराशी जुळावे लागते. युरोप-अमेरिकेतील बहुतेक पेप्टाइड ए०२:०१ या प्रकारासाठी निवडलेली असतात, तर भारतीयांत ए०२:११ सारखे जवळचे उपप्रकार बऱ्याच जणांत आढळतात. त्यामुळे परदेशी निबंधातील पेप्टाइड थेट उचलण्याआधी दात्याचे एचएलए टायपिंग सूक्ष्म पातळीवर करून घ्यावे.

परिपक्वतेसाठी सर्वांत साधा उद्दीपक म्हणजे मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम लिपोपॉलिसॅकराइड, २४ तास. शिकण्यासाठी तो उत्तम आहे, पण माणसाला द्यायच्या पेशींत तो सहसा वापरता येत नाही. तिथे अनेक वर्षे चार घटकांचे मिश्रण प्रमाण मानले गेले: टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन १-बीटा, इंटरल्युकिन ६ आणि प्रोस्टाग्लँडिन ई २. जर्मनीतील योनुलाइट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दिलेल्या या मिश्रणाने सीडी ८३ उत्तम येते, आणि प्रोस्टाग्लँडिनमुळे पेशी सीसीआर ७ च्या जोरावर चांगली स्थलांतर करते. उणीव एकच, पण मोठी: या पेशी इंटरल्युकिन १२ फारच थोडे बनवतात. म्हणजे पहिला आणि दुसरा संकेत भरपूर, तिसरा जवळजवळ नाही. पुढे इंटरफेरॉन-अल्फा, इंटरफेरॉन-गॅमा आणि पॉली आय:सी (विषाणूच्या आरएनएची नक्कल) यांचा समावेश असलेली मिश्रणे आली, ती हीच उणीव भरून काढण्यासाठी.

वेळेचाही हिशेब आहे. उद्दीपक दिल्यावर इंटरल्युकिन १२ मुख्यतः पहिल्या २४ तासांत तयार होते. ४८ तासांनंतर दिसायला पूर्ण परिपक्व असलेली पेशी या बाबतीत थकलेली असू शकते. म्हणून सायटोकाइन मोजण्यासाठी वरचा द्रव कोणत्या तासाला काढला, हे वहीत लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

सातवा दिवस: काय वाढले ते तपासणे

प्लेट बर्फावर ठेवून, २ मिलिमोलर ईडीटीए असलेल्या थंड पीबीएसने पेशी सोडवाव्यात. फ्लो सायटोमेट्रीच्या (चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी एकेका पेशीवरील खुणा मोजण्याच्या) आधी एफसी रिसेप्टर अडवावेत, कारण या पेशी कोणतेही प्रतिपिंड शेपटीकडून धरतात आणि खोटी चमक देतात. मृत पेशी वगळणारा रंगही वापरावा. निदान तीन नमुने शेजारी शेजारी हवेत: शून्य दिवसाचे मोनोसाइट, उद्दीपक न दिलेल्या पेशी आणि उद्दीपक दिलेल्या पेशी. मोनोसाइटवर सीडी १४ भरपूर असते. अपक्व डेंड्रायटिक पेशीवर ते गेलेले, सीडी २०९ आलेले, एचएलए-डीआर मध्यम, सीडी ८६ कमी आणि सीडी ८३ नसलेले असते. परिपक्व पेशीवर सीडी ८३ स्पष्ट, सीडी ८०, सीडी ८६ आणि एचएलए-डीआर चढलेले आणि सीसीआर ७ आलेले दिसते. मधला नमुना नसेल तर तिसऱ्याचे काहीच सिद्ध होत नाही.

पृष्ठभागावरील खुणा म्हणजे गणवेश. काम वेगळे तपासावे लागते. गिळण्याची चाचणी सोपी आहे: चमकणारे डेक्स्ट्रान ३७ अंशांवर आणि ४ अंशांवर द्यावे, आणि दोन्हींतील फरक हे खरे ग्रहण मानावे. अपक्व पेशीत तो मोठा, परिपक्व पेशीत लहान असतो. शिकवण्याची चाचणी म्हणजे मिश्र लिम्फोसाइट प्रतिक्रिया. दुसऱ्या दात्याच्या टी पेशींना सीएफएसई रंग देऊन, १० टी पेशींना १ डेंड्रायटिक पेशी या प्रमाणात ५ दिवस एकत्र ठेवावे. टी पेशी विभागते तसतसा रंग निम्मा निम्मा होत जातो आणि प्रत्येक पिढी वेगळी मोजता येते. इंटरल्युकिन १२ चे पी ७० हे जोडरूप एलायझाने (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने) मोजावे, नुसते पी ४० नाही, कारण पी ४० एकटेही बाहेर पडते आणि त्याचा आकडा फसवा मोठा येतो.

आणखी एक मर्यादा नोंदवून ठेवावी. शरीरात डेंड्रायटिक पेशींचे वेगवेगळे कुळ आहेत. त्यांतील सीडीसी १, म्हणजे सीएलईसी ९ए आणि एक्ससीआर १ धारण करणाऱ्या पेशी, मेलेल्या गाठपेशींतील प्रथिने सीडी ८ टी पेशींपुढे मांडण्यात विशेष तरबेज असतात. २००८ मध्ये दाखवले गेले, की बॅट्फ ३ हे जनुक काढल्याने या कुळाला मुकलेले उंदीर एरवी सहज नाकारल्या जाणाऱ्या गाठीही नाकारू शकत नाहीत. आपण प्लेटमध्ये वाढवलेली पेशी या कुळातली नव्हे. दाहाच्या जागी मोनोसाइटपासून बनणाऱ्या पेशींशी तिचे साम्य अधिक आहे. निबंध लिहिताना तिला नुसती डेंड्रायटिक पेशी न म्हणता मोनोसाइटजन्य डेंड्रायटिक पेशी म्हणावे.

याच नजरेने उपचार वाचणे

ही सात दिवसांची कृती स्वतःच्या हाताने केली, की डेंड्रायटिक पेशींच्या लशींवरचे निबंध वेगळे वाचता येतात. प्रत्येक निबंधाला तेच प्रश्न विचारावेत: पेशी कशापासून वाढवल्या, परिपक्व कशाने केल्या, इंटरल्युकिन १२ मोजले का, टोचलेल्यांपैकी किती पेशी लसिकाग्रंथीत पोचल्या, आणि तुलना कोणाशी केली. चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा निराशाजनक असते. त्वचेत टोचलेल्या पेशींतील पाच टक्क्यांहूनही कमी पेशी ग्रंथी गाठतात.

सिप्युल्युसेल-टी या प्रोस्टेट कर्करोगावरील उपचाराला अमेरिकेत एप्रिल २०१० मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्तातील पेशी काढून, प्रोस्टेटचे एक प्रथिन आणि जीएम-सीएसएफ यांच्या जोडप्रथिनाबरोबर दीड-पावणेदोन दिवस ठेवून त्या परत देतात, आणि असे तीनदा करतात. ५१२ पुरुषांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान २५.८ महिने होते, तर तुलनेच्या गटात २१.७. आजार वाढण्याचा काळ मात्र लांबला नाही. हे मिश्र पेशींचे द्रावण आहे, वरच्या कृतीतील शुद्ध पेशींचे नव्हे, हे अनेक लेखांत सांगायचे राहून जाते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीवर रुग्णाच्याच गाठीचा अर्क दिलेल्या पेशींची ३३१ रुग्णांची चाचणी नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्याने निदान झालेल्यांत मध्यक आयुर्मान १९.३ महिने आणि तुलनेत १६.५. पण गाठ पुन्हा वाढल्यावर तुलनेच्या गटालाही लस घेण्याची मुभा असल्याने ही तुलना इतर चाचण्यांतील रुग्णांशी करावी लागली, आणि म्हणून या फरकावर मी सिप्युल्युसेलच्या फरकाइतका भार टाकणार नाही.

स्टाइनमन यांना २००७ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःच्या डेंड्रायटिक पेशींवर आधारलेले प्रायोगिक उपचार घेतले, इतर औषधांच्या बरोबरीने, आणि ते साडेचार वर्षे जगले. ३० सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले आणि तीन दिवसांनी नोबेलची घोषणा झाली. त्या वर्षांत उपचाराचा वाटा किती होता हे एका माणसावरून ठरवता येत नाही, आणि हे त्यांना स्वतःला इतरांहून अधिक नेमके ठाऊक असणार.

इतर प्रतिकारोपचारांतही ही पेशी पडद्यामागे असते. पीडी-१ हा टी पेशींना आवरणारा रिसेप्टर अडवणारी औषधे टी पेशींचा लगाम सोडतात, पण उंदरांतील काम सांगते, की त्या औषधाला यश येण्यासाठी गाठीतील डेंड्रायटिक पेशींनी इंटरल्युकिन १२ पुरवावे लागते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके-मानेच्या प्रगत कर्करोगात निवोलुमॅब हे असेच औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत तोंडी औषधांच्या जोडीने दिले, तेव्हा १५१ रुग्णांच्या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. आपल्याकडच्या खिशाला झेपेल असा हा पुरावा आहे आणि तो यादृच्छिक गटांच्या चाचणीतून आला आहे.

या क्षेत्रात काम करणाऱ्याला नातेवाईकांचा फोन कधी ना कधी येतोच: अमुक ठिकाणी डेंड्रायटिक पेशींची लस देतात, घ्यावी का? उपचाराचा निर्णय त्यांच्या कर्करोगतज्ज्ञाचा आहे, हे आधी स्पष्ट सांगावे. त्यानंतर वरचे पाच प्रश्न सोप्या शब्दांत कागदावर लिहून द्यावेत आणि ते घेऊन तज्ज्ञाकडे जायला सांगावे. हा उपचार चाचणी म्हणून दिला जात असेल तर तिची नोंद सीटीआरआय या भारतीय नोंदवहीत असलीच पाहिजे. १५ जून २००९ पासून ती सक्तीची आहे आणि संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते. चाचणीतील संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घेऊ नये, असे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. नोंदणी क्रमांक विचारल्यावर तो मिळत नसेल आणि पैशांचा आकडा मात्र लगेच मिळत असेल, तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचे मत घ्यायला त्यांना त्याच फोनवर सांगावे.